लॅपटॉपच्या साठवणीचे दुखणे

पूर्वी घरातील मोलाचे कागद पत्र्याच्या एका ट्रंकेत ठेवलेले असत. जमिनीचे उतारे, शाळा सोडल्याचे दाखले, आखाती देशांत नोकरीस गेलेल्या मुलांची पत्रे, लग्नाची छायाचित्रे, सारे तिच्यात. ट्रंकेला गंज चढला किंवा आत वाळवी शिरली तर ती डोळ्यांना दिसे आणि घरातील वडीलधारी मंडळी वेळीच सावध होत. आज या ट्रंकेची जागा पुष्कळ घरांत लॅपटॉपने घेतली आहे. मात्र त्याच्या आत काय झिजले आणि काय कुजले, हे बाहेरून दिसत नाही. एखाद्या सकाळी कळ दाबावी, काळ्या पडद्यावर इंग्रजीतील एक ओळ उमटावी आणि दहा वर्षांचा संग्रह हाती लागेनासा व्हावा, असा प्रसंग कोणत्याही घरावर येऊ शकतो. तेव्हा काय ओळखावे आणि कोणत्या क्रमाने हालचाल करावी, याचे विवेचन येथे करावयाचे आहे. त्यातही क्रम हा मुख्य विषय आहे; कारण अशा प्रसंगी दोष ओळखता न आल्यामुळे जेवढे नुकसान होते, त्याहून अधिक ते योग्य कृती अयोग्य वेळी केल्यामुळे होते.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट असावी. संगणकाला दोन प्रकारची स्मृती असते. रॅम ही त्याची काम करतानाची स्मृती. फळ्यावर लिहावे आणि तास संपल्यावर पुसावे, तशी ती वीज जाताच कोरी होते. दुसरी कायमची साठवण. आपली पत्रे, छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे आणि खुद्द विंडोजसारखी कार्यप्रणालीही तिच्यातच असते. ही साठवण आजारी पडली म्हणजे एकाच वेळी दोन संकटे येतात: यंत्र चालेनासे होते आणि आतील ऐवजही धोक्यात येतो. यंत्राला पर्याय मिळतो; ऐवजाला मिळेलच असे नाही.

या साठवणीचे दोन प्रकार प्रचारात आहेत. जुन्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क असते. तिचा वंश १९५६ सालापर्यंत मागे जातो. त्या वर्षी आयबीएम कंपनीने रॅमॅक नावाचा संगणक बाजारात आणला. त्याच्या साठवणयंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या, त्याचे वजन सुमारे एक टन होते आणि त्यात अवघी ५० लाख अक्षरे मावत. आजच्या मोबाइलने काढलेली एक-दोन छायाचित्रे ठेवताच ते भरून गेले असते! लॅपटॉपमधील हार्ड डिस्क तळहाताहून लहान असते, परंतु तत्त्व तेच आहे. चुंबकीय लेप दिलेल्या चकत्या आत फिरत असतात. सर्वसाधारण डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. अडीच इंची चकतीची कड या हिशेबाने ताशी सुमारे ६५ किलोमीटर वेगाने धावते. तिच्यावरून वाचन-लेखन करणारे सूक्ष्म शीर्ष चकतीला न टेकता, केवळ काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. माणसाचा केस या अंतराच्या हजारो पट जाड असतो. चालू लॅपटॉप मांडीवरून टेबलावर आपटला, तर आत काय होत असेल याची कल्पना यावरून यावी.

नव्या लॅपटॉपमध्ये बहुधा एसएसडी असते. तिच्यात फिरणारे काहीच नाही. जपानमधील तोशिबा कंपनीतील अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८० नंतरच्या दशकात शोधलेल्या फ्लॅश स्मृतीवर ती चालते. विद्युत्भाराचे कण अतिसूक्ष्म कप्प्यांत कोंडून ठेवावयाचे, हे तिचे मर्म. हिसका आणि आघात ती पुष्कळ सोसते. परंतु प्रत्येक लेखनाबरोबर कप्पे थोडे थोडे झिजतात, आणि सर्व कप्प्यांचा कारभार पाहणारी एक नियंत्रक चकती, म्हणजे चिप, बिघडली तर सगळी साठवण एका क्षणी मुकी होते. म्हणून ‘एसएसडी आहे, आता चिंता नाही’ हा समज सोडून द्यावा. हार्ड डिस्क पुष्कळदा कण्हत, कुंथत जाते. एसएसडी बरेचदा एक शब्दही न बोलता जाते.

आता लक्षणे पाहू. हार्ड डिस्कच्या बाबतीत आवाज हे सर्वांत गंभीर लक्षण होय. नेहमीची हलकी घरघर निराळी आणि ठराविक अंतराने होणारा टक्-टक् असा ठोका निराळा. शीर्षाला आपले स्थान सापडत नाही, ते पुनःपुन्हा मागे जाऊन नव्याने प्रयत्न करते, त्याचा तो आवाज असतो. घासल्यासारखा आवाज येत असेल तर शीर्ष चकतीला टेकले असण्याचा संभव आहे, आणि मग प्रत्येक फेऱ्याबरोबर चुंबकीय लेप, म्हणजेच आपला ऐवज, खरवडला जात असतो. दुसरे लक्षण मंदपणाचे. एखादी विशिष्ट फाइल उघडताना यंत्र गोठते, इतर वेळी बरे चालते. असे घडू लागले तर चकतीवरील तेवढा भाग वाचता येत नसून डिस्क तोच भाग पुन्हा पुन्हा वाचण्याचा हट्ट करीत आहे, असे समजावे. फोल्डरांची नावे विचित्र चिन्हांत दिसणे, संगणक सुरू होताना दर वेळी आपणहून डिस्कची तपासणी करू लागणे, काल ठेवलेली फाइल आज ‘सदोष’ म्हणून नाकारली जाणे, हीही त्याच मालिकेतील चिन्हे. एसएसडीच्या बाबतीत साठवण अधूनमधून दिसेनाशी होते, अथवा वाचता येते पण नवे काही लिहिता येत नाही, असा अनुभव येतो. नवे लिहू न देणारी एसएसडी एका अर्थी आपल्यावर उपकारच करीत असते. ऐवज बाहेर काढण्यास ती अवधी देते.

परंतु प्रत्येक मंदपणा म्हणजे डिस्कचा अंत नव्हे. ‘बूट करण्याजोगे साधन नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश पाहून पुष्कळांचे धाबे दणाणते, आणि शोध घेता असे आढळते की कोणीतरी पेन ड्राइव्ह लावून ठेवलेला आहे आणि यंत्र त्यातच विंडोज शोधत बसले आहे! तो काढताच सारे सुरळीत होते. साठवण काठोकाठ भरली असेल, रॅम अपुरी असेल, मागे मोठे अद्ययावतीकरण चालू असेल, तरीही यंत्र रडतखडत चालते. रॅमच सदोष असेल तर फाइली बिघडल्यासारख्या दिसतात. डिस्कची जोडणी सैल झाली, तरी ती दिसेनाशी होते. आपल्याकडे पावसाळ्यात वीज वारंवार जाते. ज्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली आहे, तो अशा वेळी लिहिता लिहिताच बंद पडतो आणि फाइलींची रचना विस्कटते. हा दोष डिस्कचा नव्हे, बॅटरीचा.

मग भेद करावा कसा? यंत्र सुरू होत नसेल तर सुरुवातीलाच त्याच्या मूळ व्यवस्थेत, म्हणजे ज्यास लोक बायॉस म्हणतात त्यात, शिरून साठवणीचे नाव दिसते का ते पाहावे. कोणती कळ दाबावयाची हे कंपनीगणिक बदलते. कित्येक कंपन्यांनी तेथेच चाचणीचीही सोय ठेवलेली असते. डेलच्या यंत्रात एफ १२ आणि एचपीच्या यंत्रात एफ २ दाबून ती गाठता येते. नाव दिसत असेल तर दोष बहुधा कार्यप्रणालीचा किंवा चकतीच्या काही भागाचा आहे. नाव मुळीच दिसत नसेल तर जोडणी अथवा साठवण यांपैकी एक गेली आहे. या तपासणीत फक्त पाहावे. तेथील कोणतीही व्यवस्था बदलू नये. त्यामागे आणखी एक कारण आहे, ते पुढे येईल.

येथे आमच्या शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीच्या घरी घडलेली हकीकत सांगणे उपयुक्त होईल. पौष महिन्यात आपल्या गावांतून मांडावर स्त्रिया धालो खेळतात. या मुलीने आपल्या आजीच्या तोंडची धालोची गीते एकामागून एक ध्वनिमुद्रित करून लॅपटॉपमध्ये ठेवली होती. पुढे आजी निवर्तली. काही महिन्यांनी लॅपटॉप सुरू होण्यास वीस वीस मिनिटे लागू लागली. वडिलांनी तो दुरुस्तीच्या एका दुकानात नेला. तेथील कारागिराने दोन मिनिटे पाहून सांगितले, ‘‘विंडोज बिघडली आहे. फॉरमॅट करून देतो, संध्याकाळी घेऊन जा.’’ वडिलांनी विचारले, ‘‘आतल्या गीतांचे काय?’’ त्यावर उत्तर आले, ‘‘त्याची खात्री देता येणार नाही.’’ त्यांनी लॅपटॉप उचलला आणि घरी परत आणला.

तो कारागीर लबाड होता असे मुळीच नाही. त्याच्यापुढे यंत्र होते, आणि यंत्र चालू करून देणे हे त्याचे काम होते. आजीचा आवाज त्याच्या हिशेबात कोठून येणार? तो हिशेब घरच्यांनीच करावयाचा असतो. फॉरमॅट केल्यावर यंत्र काही दिवस चांगले चाललेही असते, आणि दोष विंडोजचाच होता अशी सर्वांची समजूत झाली असती. त्याऐवजी त्या घरी दोन संध्याकाळी बसून गीतांचा फोल्डर आधी, छायाचित्रे मागाहून, अशा क्रमाने सर्व काही एका बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेण्यात आले. तीन गीते शेवटपर्यंत वाचली गेली नाहीत. बाकीची मिळाली. त्यानंतर केलेल्या चाचणीत हार्ड डिस्कचे कित्येक भाग वाचता न येण्याजोगे झाल्याचे निष्पन्न झाले.

कणगीला वाळवी लागली तर शेतकरी आधी भात बाहेर काढतो. कणगी सारवावी की नवी करावी, याचा विचार मागाहून. डिस्कच्या बाबतीतही हेच धोरण असावे. संशय येताच त्या यंत्रावर नवे काहीही लिहू नये. नवा कार्यक्रम बसवू नये, अद्ययावतीकरण करू नये, डीफ्रॅगमेंट करू नये. विंडोजमधील चेकडिस्क ही सोय पुष्कळजण सर्वप्रथम वापरावयास सांगतात. निरोगी डिस्कवरील विस्कटलेली रचना नीट करण्यास ती चांगली आहे. परंतु मरणपंथास लागलेल्या डिस्कवर ती तासन्‌तास राबते आणि दुरुस्तीच्या नावाखाली डिस्कवर लिहितेही. दमेकऱ्याला डोंगर चढावयास लावून त्याची प्रकृती तपासावी, तसा हा प्रकार होय. तिला स्थान आहे, पण ऐवज बाहेर आल्यानंतर.

ऐवज उतरवताना ‘कट’ न करता ‘कॉपी’च करावे. संपूर्ण डिस्क एकदम न घेता लहान लहान फोल्डर घ्यावेत, आणि ज्याची दुसरी प्रत जगात कोठेही नाही ते सर्वांत आधी घ्यावे. चित्रपट आणि कार्यक्रम पुन्हा मिळतात. एखाद्या फाइलीवर यंत्र अडून बसले तर ती सोडून पुढे जावे. तिच्याशी झुंजण्यात डिस्कचे उरलेले आयुष्य खर्ची पडते. या काळात लॅपटॉप टणक, सपाट जागी ठेवावा व हलवू नये.

विंडोज सुरूच होत नसेल तरी मार्ग खुंटला असे नाही. दुसऱ्या संगणकावर उबुंटूसारखी विनामूल्य लिनक्स कार्यप्रणाली पेन ड्राइव्हवर तयार करून तिच्यावरून आजारी लॅपटॉप सुरू करता येतो. विचारणा होईल तेव्हा ती केवळ ‘चाखून पाहण्या’चा पर्याय निवडावा, बसवण्याचा नव्हे, नाहीतर ऐवज काढावयास जाऊन तोच पुसून बसावयाचे. अशा रीतीने डिस्क बाहेरून वाचता येते. डिस्क फारच अडखळत असेल, तर जाणत्या माणसाच्या साहाय्याने जीएनयू डीडीरेस्क्यू हा कार्यक्रम वापरावा. त्याची रीत मोठी समजूतदार आहे: वाचता येणारा सर्व भाग तो आधी उतरवून घेतो, अडलेल्या जागांची नोंद ठेवतो आणि शेवटी त्यांच्याकडे वळतो. मात्र मूळ डिस्क कोणती व नवी कोणती, यात गल्लत झाली तर कोऱ्या डिस्कची प्रत भरलेल्या डिस्कवर उतरेल. म्हणूनच जाणता माणूस हवा.

आता मघाशी राखून ठेवलेले कारण. अलीकडच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये विंडोज आपणहून सारी साठवण कुलूपबंद करून ठेवते. या व्यवस्थेस बिटलॉकर म्हणतात. रोजच्या वापरात ते कुलूप जाणवत नाही. परंतु डिस्क काढून दुसऱ्या यंत्रास जोडली, लिनक्सवरून वाचू पाहिली, किंवा बायॉसमधील काही बदलले, की ४८ अंकांची किल्ली मागितली जाते. ती नसेल तर निरोगी डिस्कदेखील न उघडणारी तिजोरी ठरते. ही किल्ली बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जमा असते. यंत्र धडधाकट असतानाच ती शोधून कागदावर लिहून ठेवावी, आणि तो कागद खरोखरच्या ट्रंकेत ठेवावा.

हार्ड डिस्क ठोके देत असेल, तर मात्र वरीलपैकी काहीही करू नये. यंत्र तत्काळ बंद करावे. आतील ऐवज अमूल्य असेल तर तो परत मिळवून देणाऱ्या खास प्रयोगशाळा असतात. धूलिरहित खोलीत डिस्क उघडून त्या शीर्ष बदलतात. त्यांचे शुल्क पुष्कळदा नव्या लॅपटॉपइतके, कधी त्याहूनही अधिक होते, आणि यशाची हमी नसते. तेव्हा ऐवजाचे मोल काय, हे घरच्यांनी शांतपणे ठरवावे. डिस्क फ्रीजमध्ये ठेवली की जिवंत होते, असा एक उपाय कानोकानी पसरलेला आहे. आपल्या दमट हवेत थंड डिस्क बाहेर काढताच तिच्या आत दव धरण्याचा धोका असतो. त्या दवावर शीर्ष फिरवणे म्हणजे उरलीसुरली आशा घालवणे होय. डिस्क स्वतः उघडून पाहण्याचा मोहही आवरावा. धुळीचा एक कणही तेथे धोंड्यासारखा असतो.

ऐवज हाती आला, की मग तपासणी. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवत असते. तिला स्मार्ट असे नाव आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो या विनामूल्य कार्यक्रमाने ती वाचता येते. विंडोज ११ मध्ये नव्या जातीच्या एसएसडीचे उरलेले आयुष्य यंत्राच्या मांडणीतील साठवणीच्या पानावरही दिसते. नोंदी पुष्कळ असतात. हार्ड डिस्कसाठी तीन पाहाव्यात. ५ क्रमांकाची नोंद किती सदोष भाग बाद करून राखीव भाग वापरात घेतले ते सांगते, १९७ क्रमांकाची किती भाग वाचनाच्या प्रतीक्षेत अडले आहेत ते, आणि १९८ क्रमांकाची किती भाग मुळीच वाचता आले नाहीत ते. हे आकडे शून्याहून अधिक असतील आणि आठवड्यागणिक वाढत असतील, तर निवाडा झाला. १९९ क्रमांकाचा आकडा वाढत असेल तर मात्र संशयित डिस्क नसून बहुधा जोडणी असते.

परंतु ‘प्रकृती उत्तम’ असा शेरा वाचून निर्धास्त होऊ नये. गूगल कंपनीच्या संशोधकांनी आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास करून २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. तपासणीत पहिला वाचनदोष आढळलेल्या डिस्क पुढील ६० दिवसांत बंद पडण्याचा संभव निर्दोष डिस्कच्या ३९ पट दिसला. हे झाले इशाऱ्याचे महत्त्व. उलट बाजूने, बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कच्या चार प्रमुख नोंदींत पूर्वसूचनेचे नावही नव्हते. नोंद धोका सांगते तेव्हा तिच्यावर विश्वास ठेवावा. ती अभय देते तेव्हा ठेवू नये.

दोष नक्की झाला की साठवण बदलणे हाच उपाय. तिची दुरुस्ती करून पुन्हा भरवशाने वापरता येत नाही. बहुतेक लॅपटॉपमध्ये हे काम अर्ध्या तासाचे आहे. ॲपलच्या अलीकडच्या आणि इतरही काही पातळ लॅपटॉपमध्ये मात्र साठवण मुख्य फलकालाच डाखलेली असते. ती काढून दुसरीकडे वाचता येत नाही. असे यंत्र ज्यांच्या घरी आहे त्यांना दुसऱ्या प्रतीची निकड अधिक. हमीच्या मुदतीत कंपनी साठवण बदलून देते, पण आतील ऐवजाची जबाबदारी घेत नाही, आणि जुनी डिस्क पुष्कळदा स्वतःकडे ठेवून घेते. तेव्हा यंत्र देण्यापूर्वीच काय ते उतरवून घ्यावे.

दुसऱ्या प्रतीविषयी एवढेच सांगावयाचे की, त्याच लॅपटॉपच्या दुसऱ्या फोल्डरात ठेवलेली प्रत ही प्रत नव्हे. एक बाहेरच्या डिस्कवर असावी, आणि एक घराबाहेर, आप्तांकडे किंवा इंटरनेटवरील साठवणीत. इंटरनेटवरील साठवण लॅपटॉपशी जुळवून घेतलेली असेल तर येथे पुसलेले तेथेही पुसले जाते. हरवलेले परत मिळवण्याची मुदत किती, ते आधीच पाहून ठेवावे. वर्षानुवर्षे खणात पडून राहणारा पेन ड्राइव्हही भरवशाचा नाही, कारण कोंडलेला विद्युत्भार हळूहळू ओसरतो. आणि केलेली प्रत अधूनमधून उघडून पाहावी. आजीचे गीत खरोखर वाजते की नाही, हे वाजवूनच कळते.

काढलेली जुनी डिस्क तशीच भंगारवाल्याच्या हवाली करू नये. जी आपल्याला वाचता आली नाही, ती दुसऱ्या कोणाला थोडीफार वाचता येईल. आणि आधारपत्राच्या, बँकेच्या कागदांच्या प्रती तिच्यातच असतात. चालू असेल तर संपूर्ण पुसून, बंद असेल तर वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली हार्ड डिस्कच्या चकत्या किंवा एसएसडीच्या चिपा फोडून, मग ती इलेक्ट्रॉनिक कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत केंद्रात द्यावी. लॅपटॉपच्या हार्ड डिस्कमधील चकत्या बहुधा काचेच्या असतात. फोडताना त्या कापडात घट्ट गुंडाळाव्यात आणि डोळ्यांवर चश्मा असावा.